गिरणीच्या पडवीतली बैठक

लोणंद, १० नोव्हेंबर २०२४

ती. तात्या,

पुढे साष्टांग नमस्कार लिहायची पद्धत आहे. ती मी आज मोडते आहे.

फोन केला असता, पण फोन तुम्हाला ऐकू येत नाही, आणि पृथ्वीराजच्या किंवा दीपमालाच्या तोंडून हे तुमच्यापर्यंत पोचवायची माझी इच्छा नाही. भाऊ-भावजयीनं माझी धुणी आजवर पुष्कळ धुतली. तोफखान्यात असताना वीस वर्षं तुम्ही घरची पत्रं वाचलीत, उत्तरं लिहिलीत. आता लेकीचं एक वाचा.

परवा इथल्या बाजारात नाथाजीकाका भेटले. माझ्या सासरचे, वीरधवलचे चुलते. त्या घराशी आता माझा काही संबंध नाही, पण म्हातारं माणूस समोर आलं म्हणून वाकले. पल्लवी बरोबर होती. तिच्या डोक्यावरून हात फिरवताना त्यांचे डोळे भरले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, माझ्यावर राग धरू नगंस. म्या काय बी लपवलं न्हवतं. बैठकीत पंधरा माणसांम्होरं सांगितलं हुतं, पोराला राग लय हाय, हात उचलतो, सुपारी फुटलेली पयली सोयरीक त्यापायीच मोडली. पोरगी द्यायची तर इचार करून द्या. तुझ्या बापानं मान हलवली. व्हय व्हय, बरोबर हाय, म्हणाला."

मी तिथल्याच एका कांद्याच्या पोत्यावर बसले. पल्लवी विचारत राहिली, काय झालं, काय झालं.

तात्या, अकरा वर्षं मी समजत होते की त्या लोकांनी आपल्याला फसवलं. तुम्हाला आणि मला, दोघांनाही. तुमच्यावर माझा दुसरा राग होताच, पण निदान ह्या एका गोष्टीत आपण बापलेक एका बाजूला होतो. आता कळलं की पंधरा माणसांना ठाऊक होतं, आणि जिचा निकाल लागत होता ती मी तेवढी आत पोह्यांच्या बशा भरत होते.

तुम्ही म्हणाल, मी बहिरा माणूस, तोफेनं कान गेले, मला काय ऐकू आलं असणार. हे उत्तर मला पाठ आहे. पण तुमचं बहिरेपण सगळ्या कुंडलला ठाऊक आहे. घरात आई चुलीपासून हाका मारून दमायची, तुमचं डोकं पेपरातून वर यायचं नाही. आणि आपल्या गिरणीत? पट्टा फटफटतोय, जातं घरघरतंय, आणि मागच्या रांगेतून कुणी म्हटलं, "तात्या, माझं हरभऱ्याचं हाय, जाडसर काढा," की तुम्ही लगेच मान वळवायचात. बायका हसायच्या. म्हणायच्या, तात्यांचा कान पट्ट्याला बांधलाय, पट्टा फिरला की कान उघडतो. आई त्याला सोयीचं बहिरेपण म्हणायची. नको ते ऐकायचं नाही, हवं ते सोडायचं नाही.

आणि बैठक कुठे झाली? गिरणीच्या पडवीत. आईनं सोप्यात सतरंजी अंथरली होती, लोड लावले होते, उदबत्तीसुद्धा लावली होती. पाहुणे आत येऊन बसले होते. तुम्हीच त्यांना उठवलंत. "पडवीत बसू, तिथं वारं हाय." भारनियमनात लाइट दुपारी आली होती, दळणाच्या डब्यांची रांग लागलेली, गिरणी बंद ठेवता येत नव्हती. पाहुण्यांच्या फेट्यांवर पीठ बसलं. आई लाजेनं अर्धी झाली. आत मला फक्त गिरणीचा आवाज येत होता.

जिथे तुम्हाला सगळं ऐकू येतं तिथेच नाथाजीकाका बोलले. मग तुम्ही मान हलवलीत ती ऐकून हलवलीत.

कारणही मला माहीत आहे. त्याआधीची पलूसची आणि कराडची, दोन्ही स्थळं तुमच्या कानामुळे मोडली होती. "बाप बहिरा, उद्या लेकरांत उतरलं तर?" तुम्ही छातीवर हात मारून सांगायचात, हे तोफेचं आहे, रक्तातलं नाही. मी चोवीस वर्षांची होते. तुमच्या लेखी पीक शेतात वाळत चाललं होतं.

दुसऱ्या रागाचंही लिहून टाकते. २०१७ च्या जूनमध्ये दोन वर्षांच्या पल्लवीला कडेवर घेऊन मी कुंडलला आले. डाव्या कानात शिट्टी वाजत होती. तुम्ही स्वयंपाकघरात जेवायला बसला होता. आई म्हणाली, "हळू बोल, शेजारी ऐकत्यात." मी हळू बोलले. तीन वेळा सांगितलं. तुम्ही तीन वेळा "काय? काय म्हणालीस?" केलंत. मग म्हणालात, "जेवून घे," आणि हात धुऊन गिरणीत गेलात. चौथ्यांदा सांगायची माझ्यात ताकद नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी लोणंदला मैत्रिणीकडे आले, ती इथलीच झाले. आईच्या तेराव्याला आले होते तेव्हा मी तुमच्याशी बोलले नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

आता एकच विचारते. नाथाजीकाका बोलले ते तुम्ही ऐकलं होतं की नाही? हो किंवा नाही, एवढंच कळवा. पोस्टकार्ड पुरेल.

राजेश्वरी


लोणंद, १ डिसेंबर २०२४

ती. तात्या,

तुमचं उत्तर आलं नाही. त्याआधीच मला लिहावं लागतंय, कारण मधल्या काळात एक गोष्ट घडली आहे आणि ती लपवली तर मी तुमच्याहून वेगळी उरणार नाही.

मी मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. गेल्या वर्षापासून वर्गात मागच्या बाकावरची मुलं काय म्हणतात ते मला कळेनासं झालंय. सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. दर वर्षी फळ्यावर कानाची आकृती काढते, नावं देते, मुलांकडून पाठ करून घेते. ह्या वर्षी मी आकृती काढत असताना मुलं मागे माझी नक्कल करत होती, आणि ते मला शिपायानं येऊन सांगितलं. शिवाय मुलं म्हणतात, मॅडम, मोठ्यानं बोला. मला वाटतं मी ओरडतेय.

माझ्या मनात उत्तर तयार होतं. वीरधवलनं डाव्या कानाखाली वाजवली होती, त्यानंच कान गेला. सात वर्षं मी हे सगळ्यांना सांगत आले. एक पुरावा म्हणून तो कान मी जपला होता म्हणा ना. मिरजेला जाताना गाडी कुंडलच्या स्टेशनात, किर्लोस्करवाडीला, थांबली तेव्हा मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघत होते.

डॉक्टर श्रेणिक म्हणून आहेत, साठीचे, सावकाश बोलणारे. त्यांनी कानात बघितलं आणि म्हणाले, डाव्या पडद्यावर जुना वण आहे, पण तो केव्हाच भरला. मग लोखंडी चिमट्यासारखा एक काटा गुडघ्यावर आपटून माझ्या कानासमोर धरला. फारसं काही नाही. तोच काटा कानामागच्या हाडावर टेकवला, आणि डोक्यात देवळातली घंटा वाजावी तसं झालं. मी दचकले. ते म्हणाले, "बघा, आतली नस शाबूत आहे. आवाज तिथपर्यंत जाण्याची वाट बंद झालीये." नंतर एका बंद पेटीसारख्या खोलीत बसवून, कानाला यंत्र लावून, बटण दाबायला लावून तासभर तपासलं. दोन्ही कान सारखेच गेलेत. थप्पड एकाच कानावर बसली होती.

जे मी वर्षानुवर्षं शिकवलं ते मला त्या दिवशी कळलं. पडद्याच्या आत तीन हाडं असतात, हातोडा, ऐरण आणि रिकीब. पडदा हलला की हातोडा हलतो, तो ऐरणीला हलवतो, ऐरण रिकिबीला. रिकीब तांदळाच्या कणीएवढी. ती आतल्या शंखाच्या खिडकीत बसलेली असते, तिथे आत-बाहेर हलते, तेव्हा शंखातलं पाणी हलतं, पाण्यातले बारीक केस हलतात, आणि मग मेंदूला कळतं की कुणी हाक मारली. आपल्या रिकिबीच्या भोवती नवं हाड वाढतं. गंजलेल्या बिजागरीसारखी ती जागच्या जागी धरली जाते. बाहेर माणूस बोलत राहतो आणि आतलं दार हलत नाही. बाळंतपणानंतर हे वाढलेलं पुष्कळ बायकांत दिसतं, असंही ते म्हणाले.

आपल्या रिकिबीच्या, असं मी लिहिलंय. कारण डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला?" मी म्हटलं, वडिलांना, पण ते तोफखान्यात होते. आणि आजीला चाळिशीत ऐकू येईना झालं, पण तिचे कान तापात गेले. डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. "आजीचे तापानं, वडिलांचे तोफेनं, तुमचे थपडेनं. दर पिढीला एक कारण सापडलेलं दिसतंय." मग म्हणाले, "वडील बोलतात कसे? मोठ्यानं?" मी म्हटलं, नाही, अगदी मऊ. फौजी माणूस एवढा मऊ कसा बोलतो म्हणून लोकांना नवल वाटायचं. ते म्हणाले, नुसत्या तोफेनं कान गेलेला माणूस ओरडून बोलतो, त्याला स्वतःचाच आवाज पुरत नाही. आपल्याला स्वतःचा आवाज हाडातून आत मिळतो, घुमतो, म्हणून आपण हळू बोलतो.

म्हणजे पलूसचे आणि कराडचे लोक बरोबर होते, तात्या. आहे ते रक्तातलंच. पल्लवीलाही येऊ शकतं, येईलच असं नाही. तिच्या सोयरिकीत मी ते पहिल्या वाक्यात सांगणार आहे.

आणि ह्याच्यावर ऑपरेशन आहे. रिकिबीच्या जागी एक बारीक दांडी बसवतात. कितीतरी वर्षांपासून होतंय. तुम्ही कुणाला कान दाखवलाच नाहीत. तोफेचं म्हटलं की मान मिळत होता, रक्तातलं निघालं असतं तर लेक घरात राहिली असती.

हे लिहिणं मला जड जातंय, पण लिहिते. मी तुम्हाला सोयीचं बहिरं म्हटलं, ते मागे घेते. तुम्ही खरोखर बहिरे होता आणि आहात. गिरणीत तुम्ही ओठ वाचत असाल. दळण जाड की बारीक हे समजायला असे किती शब्द लागतात? पडवीत एवढ्या गोंगाटात नाथाजीकाका काय म्हणाले ते तुम्हाला कळलं नसणार. बहिरेपण उघडं पडेल ह्या धास्तीनं तुम्ही नेहमीसारखी मान हलवलीत. मीही हल्ली मुख्याध्यापकांसमोर तेच करते. गेल्या महिन्यात अशीच मान हलवली आणि स्नेहसंमेलन अंगावर घेऊन बसले.

पहिल्या पत्राबद्दल मला माफ करा.

राजेश्वरी


लोणंद, २२ डिसेंबर २०२४

ती. तात्यांस सा. न.

तुमचं कार्ड मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, ओळी कवायतीला उभ्या केल्यासारख्या. पल्लवीला वाचून दाखवलं:

"चि. राजेश्वरीस आशीर्वाद. दोन्ही पत्रं पोचली. पोरी, गिरणी चालू हुती. तसल्या आवाजात चांगल्या कानाच्या माणसाला बी कळत न्हाई, मला काय ऐकू येणार? देवाशपथ मला ठावं न्हवतं. म्हातारपणी एवढा डाग ठेवू नकोस. सगळी बरी हायत. तुझा बाप."

वाचून मी रडले. पल्लवीनं विचारलं, आजोबा चांगले आहेत का? मी हो म्हटलं.

माझं ऑपरेशन २० जानेवारीला ठरलंय. डॉक्टर म्हणतात, बरोबर घरचं एक माणूस हवं. मैत्रीण येते म्हणाली होती, तिला मी नको म्हणून सांगितलं. तुम्ही याल का? पृथ्वीराज तुम्हाला मिरजेपर्यंत सोडेल. तुमचेही कान तिथेच दाखवू. पल्लवी तुम्हाला ओळखणार नाही, तेव्हा आल्या आल्या तिला जवळ घेऊ नका, जरा वेळ द्या. येताना गिरणीतलं थोडं नाचणीचं पीठ आणलंत तर चालेल. इथल्या पिठाला ती चव नाही.

आई असती तर बरं झालं असतं, असं आज ती गेल्यापासून पहिल्यांदा वाटलं.

आपली,
राजेश्वरी


लोणंद, १२ जानेवारी २०२५

तात्या,

मिरजेला येऊ नका.

काल ऑपरेशनपूर्वीची तपासणी होती. सगळं झाल्यावर मी उठत होते, तेवढ्यात डॉक्टरांनी सहज विचारलं, "एक विचारायचं राहिलं. गोंगाटात तुम्हाला जास्त चांगलं ऐकू येतं का? एसटीत, यंत्राजवळ?"

मी म्हटलं, हो! एसटीत मागच्या सीटवरच्या बायकांचं भांडण मला शब्द न् शब्द कळतं, आणि घरात पल्लवी पाठीमागून बोललेलं कळत नाही. मला वाटायचं मन लागत नाही म्हणून. डॉक्टर हसले. म्हणाले, ही ह्या आजाराची जुनी खूण आहे. गोंगाटात समोरचा माणूस आपोआप आवाज चढवतो. चांगल्या कानात गोंगाटही शिरतो आणि बोलणंही, दोन्हींची खिचडी होते. आपल्या अडकलेल्या कानात गोंगाट फारसा शिरत नाही, चढवलेलं बोलणं तेवढं पोचतं. "तुमच्या वडिलांनाही तसंच असणार," ते म्हणाले. "घरात ऐकू येत नाही आणि बाजारात येतं म्हणून लोक असल्या माणसाला ढोंगी समजतात."

मी त्यांना धन्यवाद दिले. फाइल घेतली. स्टेशनपर्यंत चालत गेले.

आज सकाळी मुद्दाम दोन किलो ज्वारी घेऊन इथल्या गिरणीत गेले. जात्याच्या अगदी शेजारी उभी राहिले. गिरणीवाला आणि त्याची बायको सुनेबद्दल बोलत होते. सून चहात साखर किती घालते इथपर्यंत मला सगळं कळलं. माझ्या शेजारची बाई कानाला हात लावून "काय म्हणाले?" असं विचारत होती, तिला मी सांगत होते.

तात्या, तुम्ही दिलेलं कारण चांगल्या कानाच्या माणसाचं आहे. "तसल्या आवाजात चांगल्या कानाच्या माणसाला बी कळत न्हाई." बरोबर आहे, त्याला कळत नाही. तुम्हाला कळतं. आयुष्यभर ज्याला तिथेच कळत आलं त्यानं हे कारण लिहावं! आणि देवाची शपथ घालावी!

तुम्ही पाहुण्यांना सोप्यातून का उठवलंत तेही आज समजलं. तुम्हाला हाडांची नावं माहीत नव्हती, पण आपला कान कुठे चालतो हे पक्कं माहीत होतं. सोप्यातल्या शांततेत तुम्ही बहिरे ठरला असता. पडवीत सगळ्यांना ओरडायला लागलं, आणि तुम्ही त्यांच्याइतकेच चांगले झालात. कौतुक करावं अशीच युक्ती आहे. लेकीची सोयरीक मोडू नये म्हणून केलीत, इथपर्यंत मी समजून घेते. पण मग नाथाजीकाका ओरडून म्हणाले की पोरगा हात उचलतो, आणि तेही त्याच चांगल्या कानांनी ऐकलंत. त्या बिचाऱ्या म्हाताऱ्यानं माझ्यासाठी जेवढं केलं तेवढं तुम्ही केलं नाहीत.

माझं पहिलं पत्र खरं होतं. दुसऱ्या पत्रात माफी मागितली ती परत घेते. "आपली" लिहिलं होतं तेही.

फक्त एका जागी मी चुकले, ते कबूल करते. स्वयंपाकघरात गिरणी नव्हती. आईनं मला हळू बोलायला लावलं होतं. तीन वेळा सांगितलं ते तुम्हाला खरंच ऐकू आलं नसणार. ज्या वेळी तुम्हाला ऐकू आलं नाही त्याबद्दल मी सात वर्षं तुमच्याशी बोलले नाही, आणि ज्या वेळी ऐकू आलं ते माफ करून मोकळी झाले होते.

पुन्हा एकदा विचारते. ह्या वेळी खरं लिहा.

राजेश्वरी


मिरज, ३ फेब्रुवारी २०२५

तात्या,

टाके काढायला आले होते. दवाखान्याच्या बाकावर बसून हे लिहिते आहे.

ऑपरेशन झालं. जागेपणीच केलं, कान तेवढा बधिर करून. शेवटी डॉक्टर माझ्या डोक्यामागून पुटपुटल्यासारखं म्हणाले, "राजेश्वरीबाई, सात आणि पाच किती?" मी बारा म्हटलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की मला ते ऐकू आलं. नर्सच्या हातमोज्यांचा आवाज येत होता. भांड्यात हत्यार ठेवल्याचा आवाज कानात टोचला. चार दिवस घर गरगर फिरत होतं, नंतर थांबलं. आता पल्लवी शेजारी झोपली की तिचा श्वास ऐकू येतो. नऊ वर्षांची झाली ती, आणि मला हे आत्ता ऐकू येतंय. दुसरा कान सहा महिन्यांनी करायचा.

बरोबर मैत्रीण आली होती. तिला आधी नको म्हटलं होतं, तरी आली.

तुमचं पत्र ऑपरेशनच्या दोन दिवस आधी मिळालं होतं. तेव्हा फोडलं नाही, गेल्या आठवड्यात वाचलं. ह्या वेळी चांगली दोन पानं लिहिलीत. त्यातलं एवढंच इथे उतरवून ठेवते, म्हणजे पुढे तुम्ही किंवा मी नाही म्हणायला नको:

"व्हय. ऐकलं. दोन सोयरिकी माझ्या कानानं मोडल्या, तिसरी मोडू द्यायची न्हवती. वाटलं, राग कुणाला नसतो, पोर झालं की निवळंल. म्या बी तुझ्या आईवर हात उचललाय, ती नांदलीच की. सैपाकघरात तू काय म्हणालीस ते मातूर मला खरंच ऐकू आलं न्हाई. तुझ्या आईला इचारलं तर ती म्हणाली, काय न्हाई, माहेरपणाला आलीया. दुसऱ्या दिवशी तू गेलीस. परत इचारायचं धाडस झालं न्हाई. तू काय म्हणालीस ते मला अजून ठावं न्हाई."

आईबद्दलचं मला माहीत नव्हतं. लहानपणी मी आणि पृथ्वीराज गिरणीत खेळायला पळायचो तेव्हा घरात काय चालायचं ते आता कळतंय. ती मला हळू बोल का म्हणाली हेही कळतंय. पण तिच्याशी बोलायला आता उशीर झाला. तिच्यावर रागवावं की तिच्यासाठी रडावं हे मला ठरवता येत नाही, म्हणून मी दोन्ही करते.

खरं लिहिलंत, ते पोचलं. माफ करते असं मात्र मी लिहिणार नाही.

आता कामाचं. आज डॉक्टरांकडे तुमच्यासाठी वेळ घेतली आहे. १० मार्च, सकाळी अकरा. पृथ्वीराजला कळवलंय, तो घेऊन येईल. तोफेनं आतली नस किती खाल्ली आहे ते आधी तपासतील. थोडी जरी शिल्लक असली तर ह्या वयातही ऑपरेशन करता येतं म्हणाले. नसलीच तर यंत्र देतील. दोन्हीपैकी एक करून घ्यायचंच. ऑपरेशननंतर कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, ओझं उचलायचं नाही, हे सगळं दीपमालाला मी वेगळं लिहून पाठवते. हे मी मायेनं करतेय असं गावात सांगू नका. मला तुमचा कान शांत खोलीत चालायला हवाय, त्याच्यासाठी करतेय.

तुम्हाला नीट ऐकू यायला लागलं की दीपमाला मला कळवेल. मग मी कुंडलला येईन. त्या दिवशी गिरणी बंद ठेवा, बायकांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. पडवीत बसायचं नाही. स्वयंपाकघरात, तुम्ही जेवायला बसला होता तिथेच बसा. मी समोर बसेन, आणि तेव्हा जे तीन वेळा सांगितलं होतं ते आईनं सांगितलं होतं तेवढ्याच हळू आवाजात पुन्हा सांगेन. एकदाच सांगेन.

मान हलवू नका.

राजेश्वरी